ताकायामाचा चासेन: ऐंशी काड्या, साडेतीन हजार रुपये

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाई असणाऱ्यांना इथूनच परत फिरता येईल. माचा तुम्ही दूध, बर्फ आणि सिरप घालून पीत असाल तर जपानी हातबनावटीच्या चासेनवर, म्हणजे माचाची भुकटी पाण्यात घोटायच्या बांबूच्या घोटण्यावर, पैसे घालू नका. नुसत्या पाण्यातला माचा पीत असाल तर घ्या. पांढऱ्या बांबूचा, ऐंशी काड्यांचा, नारा प्रांतातल्या ताकायामात बनलेला घ्या. शंभर आणि एकशेवीस काड्यांचे फोटोत जास्त देखणे दिसतात, पण त्यांच्या नादी लागायची गरज नाही.

आता बोलणारा कोण ते सांगतो. छत्रपती संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात माझं छोटं कॅफे आहे. सकाळी चहा-पोहे, दुपारनंतर कॉलेजची पोरं. दोनेक वर्षांपूर्वी या पोरांना एकाएकी माचा हवा झाला. आधी मला वाटलं, रील बघून आलेलं खूळ आहे, उन्हाळ्याबरोबर ओसरेल. ओसरलं नाही. आमचं घर अंबडचं. वडील, म्हणजे आबा, अजूनही बुरूडकाम करतात. सुपं, टोपल्या, दुरड्या, आणि नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या यात्रेसाठी परड्या. त्यामुळे बांबूची वस्तू हातात आली की मी आधी तिची कड बघतो, मग किंमत. हे परीक्षण त्या नजरेनं लिहिलेलं आहे, चहापंडिताच्या नव्हे.

ज्यांनी चासेन पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माचा म्हणजे चहाच्या पानाची पीठ केलेली भुकटी. ती पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगत राहते. चमच्यानं ढवळलं तर गाठी होतात आणि तळाला गाळ बसतो. म्हणून बांबूच्या एकाच तुकड्यातून काढलेल्या बारीक काड्यांचा हा घोटणा वापरतात. वर मूठ, खाली काड्यांचा झुबका, मध्ये काळ्या धाग्याची गुंफण. ना खिळा, ना गोंद, ना जोड.

कॅफेत आधी साडेचारशे रुपयांचा आणला होता. ऑनलाइन मागवलेला, डब्यावर जपानी अक्षरं आणि फुजी पर्वत. डब्यातून काढला तेव्हाच ओलसर, कुबट वास आला. काड्या जाड, टोकं कोयत्यानं तासावीत तशी एका पातळीत कापलेली. फेस यायचा, खोटं कशाला बोलू. पण आतल्या काड्या लवकरच तडकायला लागल्या आणि एकदा एका मुलीच्या कपात बांबूचं कुसळ निघालं. तिनं काही तक्रार केली नाही, हसून बाजूला काढून ठेवलं. मला मात्र ते कुसळ दोन दिवस डोळ्यांपुढून हललं नाही. विकणाऱ्याला विचारलं, हा जपानातला आहे का? उत्तर आलं, ‘जपानी स्टाइल.’ बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त चासेन चीनमध्ये बनतात. चीनमध्ये बनला म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही, चांगलेही असतात. फक्त फुजी पर्वताचे पैसे वेगळे देऊ नका.

बॅटरीवर फिरणारी घुसळणीही वापरून पाहिली. आईनं ताकाची रवी पुढे केली, तीही फिरवली. रवीनं कपातलं पाणी काउंटरवर आलं. बॅटरीवालीनं फेस भरपूर केला, पण मोठ्या बुडबुड्यांचा, साबणासारखा, आणि तो मिनिटभरात बसला. दुधात मात्र ती झकास चालते, आणि माझी नव्वद टक्के गिऱ्हाइकी दुधाचीच आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

खरा चासेन आला तो एका नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून. शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत, कामानिमित्त ओसाकाला गेले होते. (2024 मध्ये बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार हे जाहीर झाल्यापासून आमच्या कॅफेत जपानवर बोलणाऱ्यांची संख्या अचानक वाढली आहे, पण हे खरोखर जाऊन आले.) ओसाकाहून नाराकडे जाणाऱ्या रेल्वेवर इकोमा लागतं, आणि ताकायामा हा त्या इकोमा शहराचाच भाग. एक इशारा: पर्यटक ज्या ताकायामाला लाकडी घरं बघायला जातात ते गिफू प्रांतातलं, वेगळं गाव. तिकडं चासेन शोधत फिरू नका. जपानात बनणाऱ्या चासेनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास एकट्या इकोमाच्या ताकायामात होतात. त्यांनी दोन आणले, एक माझ्यासाठी. येन मोजून, रुपयांत पडला साडेतीन हजाराच्या आतबाहेर.

पहिल्यांदा वापरायच्या आधी तो अंबडला नेला.

आबांनी चष्मा चढवला, चासेन उजेडाकडे धरला, उलटा केला, मुठीत पेर कुठं आहे ते नखानं चाचपलं. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “एकाच पेराचं हाय हे. सांधा कुठंच दिसंना. पण ह्या आतल्या काड्या कशा बसवल्या रं?”

बसवलेल्याच नाहीत, हे त्यांना सांगताना मजा आली. पेराच्या वरचा भाग आधी सोलतात. मग तो उभा चिरून सोळा पाकळ्या करतात आणि प्रत्येक पाकळीची आतली मऊ बाजू काढून टाकून वरचा कडक थर तेवढा ठेवतात. ऐंशीच्या चासेनला एका पाकळीच्या दहा काड्या निघतात, एक जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड, एक बारीक. म्हणजे हिशेबानं एकशेसाठ. जाड ऐंशी बाहेर राहतात, बारीक ऐंशी आत ढकलतात, आणि त्यांच्यामधून धागा गुंफत नेतात म्हणून दोन वर्तुळं वेगळी राहतात. डब्यावरचा आकडा बाहेरच्या काड्यांचा असतो.

आबांना चिरण्याचं फार अप्रूप वाटलं नाही. “चिरंल की कुणीबी, हात बसला की.” त्यांचं बोट अडलं ते काडीच्या टोकावर. बुंध्याशी काडी हाताला जाडसर लागते, आणि टोकाकडे जाता जाता इतकी पातळ होते की उजेड आरपार दिसतो. यासाठी टोकं गरम पाण्यात भिजवून मऊ करतात आणि प्रत्येक काडी आतल्या बाजूनं सुरीनं तासतात. चहाची चव याच तासण्यावर ठरते असं तिथले कारागीर मानतात. शेवटी टोकं आतल्या बाजूला वळवतात. त्याशिवाय बाहेरच्या ऐंशीच्या ऐंशी काड्यांच्या दोन्ही कडा मारलेल्या असतात, म्हणजे धार काढून टाकलेली असते, भुकटी काडीला चिकटून बसू नये म्हणून. साडेचारशेच्या चासेनमध्ये ही कड मारलेली नव्हती. आबांनी दोन्ही डोळे मिटून, नुसत्या अंगठ्यानं फरक सांगितला.

“ह्याचे किती घेतले?” मी आकडा सांगितला. सुपाला दोनशे सांगितले तर दीडशेला मागणाऱ्या गिऱ्हाइकांत ज्यांची उभी हयात गेली, ते आता तोंडात शिवी आणतील असं मला वाटलं होतं. आबा म्हणाले, “बरोबर हाय. कडा मारायलाच अर्धा दीस जाईल.”

मला या वस्तूबद्दल जे म्हणायचं आहे ते साधारण हेच आहे. पैसे फेसाचे नाहीत. फेस स्वस्त चासेनही काढतो. पैसे त्या तासण्याचे आणि कडा मारण्याचे आहेत, आणि ते काम डोळ्यांना नाही दिसलं तरी जिभेला कळतं. ताकायामाच्या चासेननं केलेल्या माचात फेस दाट आणि इतका बारीक येतो की बुडबुडा वेगळा दिसत नाही. कडवटपणा मागे सरकतो. तळाशी गाळ जवळजवळ राहत नाही. पैठणीच्या किमतीला कुणी हसत नाही, कारण तिच्या मागे माग आहे हे आपल्याला ठाऊक असतं. बांबूच्या मागे काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून आबांच्या सुपाचं मोल दीडशेवर अडकतं.

बांबूविषयी थोडं जास्त बोलतो, कारण इथं मला राहवत नाही. पांढरा चासेन हाचिकू नावाच्या बांबूचा. साधारण तीन वर्षांचा झाला की हिवाळ्यात तोडतात, उकळून त्यातलं तेल काढतात आणि थंडीत शेतात उभा करून उन्हात वाळवतात. त्यानंतरही तो लगेच घेत नाहीत, साठवून मुरू देतात. आपल्याकडचे जुने लोकही बांबू अवसेच्या अंधाऱ्या रात्रींत तोडावा, म्हणजे भुंगा लागत नाही, असं सांगतात. दुसरा प्रकार काळ्या बांबूचा. तिसरा सर्वांत महाग: जुन्या गवती छपरांच्या घरांत चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं काळपट तांबूस झालेला बांबू. आपल्या माळवदाच्या घरांत चुलीवरचं किलचन जसं धुरानं काळं कुळकुळीत होतं आणि त्याला कीड शिवत नाही, तसाच. पण तशी घरं पडत चालली, गॅस आला, त्यामुळे तो बांबू आता मिळणंच कठीण. तिथल्या चहाच्या तीन मोठ्या घराण्यांचे प्रकारही ठरलेले आहेत: ओमोतेसेन्के धुराचा वापरतात, उरासेन्के पांढरा, मुशाकोजीसेन्के काळा. उरासेन्केवाले भरपूर फेस काढतात, ओमोतेसेन्केवाल्यांना फेस कमी लागतो. म्हणजे “फेस नाही आला तर माचा चुकला” असं छातीठोकपणे सांगणाऱ्या रीलवाल्यांनी जरा दमानं घ्यावं.

इतिहास थोडक्यात. पंधराव्या शतकात मुराता जुको या चहाच्या आचार्यांच्या सांगण्यावरून ताकायामाच्या जहागीरदाराच्या मुलानं, सोझेईनं, पहिला चासेन घडवला असं मानतात. नंतर ही विद्या घरातल्या एकाच वारसाला द्यायची, बाहेर जाऊ द्यायची नाही, अशी रीत शतकानुशतकं राहिली. आता घरं थोडी उरली आहेत. 1975 मध्ये जपान सरकारनं याला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. धागा गुंफण्याचं काम बऱ्याचदा घरातल्या बायका करतात. आमच्याकडेही टोपलीची कड बांधायला आई बसते, आणि टोपली मात्र आबांची म्हणून ओळखली जाते.

आता वापर. कॅफेतल्या पोरांना मी हे भिंतीवर लिहून दिलं आहे, तरी रोज सांगावं लागतं. चासेनची टोकं आधी कोमट पाण्यात मिनिटभर भिजवायची. कोरड्या काड्या वापरल्या तर तुटणारच. माचा दोन ग्रॅम, बारीक चाळणीतून चाळून. पाणी सत्तर ते ऐंशी अंशांचं, साठ-सत्तर मिली. खळखळ उकळतं पाणी ओतलं तर कडू होणार, मग चासेन कितीचाही असो. मनगट सैल ठेवून पुढे-मागे भराभर हलवायचं, गोल गोल फिरवायचं नाही, आणि काड्या भांड्याच्या तळावर दाबायच्या नाहीत. भांडं पसरट हवं. काचेच्या उभ्या ग्लासात चासेन घालून व्हिडिओ काढणाऱ्यांच्या काड्या कशा वाकतात ते बघा.

पाण्याचं आमच्याकडे वेगळंच. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारू नका. मधल्या दिवसांत बोअर आणि टँकर. बोअरच्या जड पाण्यात माचा मळकट दिसतो, चव बोथट होते आणि वाळल्यावर काड्यांवर पांढरे डाग पडतात. आम्ही आता माचाला आणि चासेन धुवायलाही जारचं पाणी वापरतो. धुणं म्हणजे नुसतं कोमट पाण्यात हलवणं. साबण अजिबात नाही. आमच्या एका पोरानं भांड्यांच्या ढिगात घालून तो घासणीनं चोळायला घेतला होता. आबांनी पाहिलं असतं तर त्यालाच चोळला असता.

मराठवाड्याचा उन्हाळा हा चासेनचा खरा शत्रू. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसला जातो, हवेत ओल नावाला नसते, आणि बांबू मुठीपासून तडकायला बघतो. उन्हात वाळत ठेवायचा नाही, पंख्याखाली नाही, गॅसजवळ तर नाहीच. सावलीत, खेळत्या हवेत. पावसाळ्यात उलटं होतं. तो ज्या प्लास्टिकच्या गोल डबीत येतो त्या डबीत परत घालून ठेवला तर बुरशी हमखास येते. डबी लगेच टाकून द्या.

माझी मोठी तक्रार स्टँडबद्दल आहे. वापरल्यावर चासेन ज्यावर उलटा बसवून ठेवतात, तो चिनी मातीचा बोंडाच्या आकाराचा स्टँड सोबत येत नाही. वेगळा घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे ऑनलाइन त्याचे सात-आठशे मागतात. त्याच्याशिवाय काड्या आत मिटतात आणि आकार जातो, म्हणजे तो ऐच्छिक आहे असं समजू नका. मी अंबडच्या कुंभाराकडून साध्या भाजलेल्या मातीचा करून घेतला. साठ रुपये. झिलई नसल्यामुळे माती काड्यांतलं पाणी ओढून घेते आणि चासेन लवकर सुकतो. पहिले दोन जरा जाड झाले, काड्या फार फाकल्या. तिसरा जमला. कुणाला करून घ्यायचा असेल तर चासेनच सोबत न्या, नुसता फोटो दाखवू नका.

दुसरी तक्रार आयुष्याची. ही झिजणारी वस्तू आहे. एखाद-दुसरी काडी तुटली तर चालतं, पण पुढे टोकांचा बाक सरळ होतो, आतल्या काड्या गळतात, मग बदलायचाच. कॅफेच्या वापरात तो घरच्यापेक्षा खूप लवकर झिजतो. तुटला तर दुरुस्ती नाही. आबांनी एक काडी धाग्यानं बांधायचा प्रयत्न केला आणि स्वतःच “ऱ्हाऊ दे” म्हणून सोडला.

इथं बनवता येईल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. आबांनी करून पाहिला. आपला मानवेल जवळजवळ भरीव, त्यात हा प्रकार होणंच नाही. पोकळ, पातळ भिंतीचा, हातात मावणारा बांबू लागतो. लातूर भागात शेतकरी नेते पाशा पटेलांच्या खटपटीनं शेतकरी बांबू लावू लागलेत, त्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून कोवळट पोकळ कांब आणली. सोळा पाकळ्या सुरेख झाल्या. पाकळीच्या दहा करताना पाचव्या-सहाव्या चिरीला तंतू तिरपा गेला आणि काडी मधूनच निसटली. शेवटी चाळीसेक जाड काड्यांचं एक बोजड प्रकरण तयार झालं. आई त्यानं डाळ घोटते. आबांचं म्हणणं, बांबू कच्चा होता, मुरलेला मिळाला तर बघू. मी त्यावर पैसे लावणार नाही, पण त्यांना तसं सांगितलेलंही नाही.

विकत घेताना काय बघायचं? टोकं उजेडात धरा; अर्धपारदर्शक दिसली पाहिजेत. बाहेरच्या काड्यांवरून उलट्या दिशेनं बोट फिरवा, टोचलं नाही पाहिजे. वास घ्या, वाळक्या बांबूचा हवा, औषधाचा किंवा बुरशीचा नको. विकणाऱ्याला गावाचं आणि घडवणाऱ्या घराचं नाव विचारा. ताकायामाचा माल विकणारा ते आनंदानं सांगतो, दुसरा “जपान क्वालिटी सर” म्हणतो. काड्यांच्या संख्येचं म्हणाल तर शंभरचा आणि एकशेवीसचा फेस लवकर काढतो, पण तितक्याच घेरात जास्त काड्या म्हणजे प्रत्येक काडी बारीक, आणि नवख्या हातात ती आधी जाते. घट्ट माचा घोळायचा असेल तर उलट कमी आणि जाड काड्यांचा लागतो. तो आमच्याकडे कुणी मागत नाही, म्हणून मी घेतलेला नाही.

वस्तूला पाचातले साडेचार. अर्धा कापला तो स्टँडपायी.

कॅफेत आता ‘पाण्यातला माचा’ मेनूवर वेगळा लिहिला आहे, 180 रुपये, आणि तो मी स्वतःच करतो, पोरांच्या हाती चासेन देत नाही. दिवसाला तीन-चार कप जातात. बाकी सगळ्यांना बर्फाचा, दुधातलाच हवा असतो, आणि त्याला बॅटरीची घुसळणी पुरते.